प्रजागर

महाभारताच्या उद्योगपर्वांत 'प्रजागर' नांवाचें एक उपपर्व आहे. संजय पांडवांकडून परत आला. परंतु त्यांचा निरोप उद्यां सभेंत सांगेन, असें म्हणून तो घरीं गेला, आणि त्या न कळलेल्या निरोपानें धृतराष्ट्राची झोप उडाली. अंगाची आग होते, डोळा लागत नाहीं, म्हणून त्यानें विदुरास बोलावून घेतलें. झोप कोणाकोणास येत नाहीं, याची एक यादीच विदुर त्या वेळीं सांगतो : बलवंताशीं वैर पडलेला दुर्बळ, सर्वस्व गमावलेला, कामातुर आणि चोर. शाळेंत विदुरनीति शिकवीत असतांना या यादीचें मला मोठें कौतुक वाटे. गेलीं सहा वर्षें मात्र तींत एक जागा रिकामी राहिली आहे असें वाटतें. ज्याचें कोणाशीं वैर नाहीं, ज्याचें कांहीं गेलें नाहीं, व ज्यानें कोणाचें कांहीं नेलेंहि नाहीं, परंतु ज्याचें सर्वांग रात्रभर ठणकत असतें, अशा मनुष्याचें नांव तींत नाहीं.

या दुखण्यास फायब्रोमायल्जिया म्हणतात. १९०४ सालापासून त्यास 'फायब्रोसायटिस' असें नांव होतें. म्हणजे स्नायूंच्या तंतूंस आलेली सूज. पुढें पाहतां सूज कोठेंच सांपडेना, तेव्हां १९७६ सालापासून आजचें नांव रूढ होऊं लागलें. सूज दाखविणारा प्रत्यय गेला व वेदना दाखविणारा आला. व्याकरण शिकविण्यांत जन्म घालविलेल्या मास्तरास हा फरक क्षुल्लक वाटत नाहीं.

माझेंहि तसेंच झालें. मान, खांदे, पाठ, मांड्या सगळेंच दुखे. रक्त तपासलें, क्ष-किरणांचीं चित्रें काढलीं, सर्व निर्दोष! कागद निर्दोष निघाले कीं रोगी सदोष ठरतो, हा जगाचा न्याय आहे. निवृत्तीनंतर उद्योग नाहीं म्हणून हें होतें, असें एका आप्तानें सुचविलें. दुसऱ्यानें जागरणाचा संबंध माझ्या चहाशीं जोडला. अखेर संधिवाताच्या एका तज्ज्ञ बाईंनीं मला समोर बसवून पहिलाच प्रश्न केला, "सकाळीं उठल्यावर झोप झाल्यासारखें वाटतें का?" माझ्या कुटुंबानें लगेच माझ्याकडे पाहिलें, कारण उत्तर तिला ठाऊक होतें. पूर्वीं या रोगाची परीक्षा अंगावरील १८ ठिकाणें दाबून करीत. २०१० सालीं अमेरिकेंतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनें नवीन निकष ठरविले; त्यांत थकवा, विस्मरण आणि विश्रांति न देणारी झोप यांस मानाचें स्थान मिळालें. दोष स्नायूंत नसून वेदनेचा निरोप वाहणाऱ्या मज्जासंस्थेंत आहे, ती हलक्या हांकेचा आरडाओरडा करते, असें बाईंनीं समजावून सांगितलें.

मग झोपेचा व वेदनेचा संबंध काय? टोरांटो येथील मोल्डोफ्स्की व त्यांचे सहकारी यांनीं १९७५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसें गाढ झोपेंत शिरूं लागलीं कीं आवाज करून त्यांची ती झोप मोडावयाची, असें कांहीं रात्री चालविलें. तों त्यांचेंहि अंग दुखूं लागलें व दाबतांच कळ येऊं लागली. म्हणजे वेदना झोप मोडते, आणि मोडलेली झोप वेदना वाढविते. आमच्या शास्त्रकारांनीं यासच बीजांकुरन्याय म्हटलें आहे. आधीं बीज कीं आधीं अंकुर, हा वाद पंडितांनीं खुशाल करावा. रोग्यानें जेथें हात पोंचेल तेथें हें चक्र अडवावें.

हात पोंचण्याजोगी जागा म्हणजे मन. आणि रात्रीं तेंच सर्वांत उच्छृंखल! दिवसा एक श्लोक आठवूं म्हटलें तर जें अडखळतें, तें मन रात्रीं दोन वाजतां चाळीस वर्षांपूर्वींच्या विद्यार्थ्याचें नांव, विजेचें बिल, नातवाची परीक्षा आणि 'उद्यां उठवेल ना?' ही धास्ती, असें सारें एका दमांत पुढें मांडतें. त्यास आवरण्यासाठीं मी शब्द चालविण्याची युक्ति योजिली. 'राम' घेतला, तर सवयीनें जीभ आपली चालत राही व मन भलतीकडे जाई. 'अनडुह्' घेतला, तर रूप चुकलें कीं काय, या शंकेनें मी टक्क जागा होई. शेवटीं 'मातृ' शब्द मानवला : फार सोपा नाहीं, फार कठीणहि नाहीं. एका श्वासाला एक रूप, असा क्रम ठेवला, म्हणजे पुष्कळदां षष्ठीच्या पुढें मी जात नाहीं.

रात्रींचा कारभार सायंकाळींच आटोपावा, हें मला सूनबाईनें शिकविलें. अमेरिकेंतील बेलर विद्यापीठांत ५७ तरुणांवर झालेला एक प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. निजण्यापूर्वीं पांच मिनिटें ज्यांनीं पुढील दिवसांचीं कामें लिहून काढलीं, त्यांस, झालेलीं कामें लिहिणाऱ्यांपेक्षां सुमारें नऊ मिनिटें लवकर झोप लागली. नऊ मिनिटें ऐकून वाचकांस हंसूं येईल. परंतु ज्यानें रात्रीचे ठोके मोजले आहेत तो हंसणार नाहीं. रात्रीं आठ वाजतां मी एका वहींत चिंता लिहितों व तिच्यासमोर उद्यांचें पहिलें पाऊल मांडतों. घड्याळ खोलींतून बाहेर नेलें आहे.

तरीहि झोप न आली तर अंथरुणांत तळमळत पडूं नये, अजमासें वीस मिनिटांनीं उठावें, आणि रात्र कशीहि गेली तरी सकाळीं ठरल्या वेळींच उठावें, हे बाईंनीं घालून दिलेले नियम. अंथरूण ही झोपेची जागा आहे, झुंजीची नव्हे, हें शरीरास पुन्हां शिकवावें लागतें. गोळ्यांपूर्वीं ही पद्धति वापरून पाहावी, असें अमेरिकेंतील वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेनेंहि जुन्या निद्रानाशाविषयीं २०१६ सालीं सांगितलें आहे. मी उठून माजघरांत मंद दिव्याशीं बसतों व वाती वळतों. देवघरास वर्षभर पुरतील इतक्या वाती झाल्या. कार्तिकांत शेजारींहि दिल्या. दिवसा थोडें चालणें असतें. पहिल्या आठवड्यांत तें गल्लीच्या टोंकापर्यंतच होतें. औषध आहे, तें बाई देतील तेवढेंच.

परंतु हें सारें एकट्याचें नव्हे. एकत्र कुटुंबांत एकाचा जागर सर्वांचा होतो. मी कूस वळलों कीं कुटुंब उठून विचारी, "अहो, पुन्हां दुखतें का?" एके सकाळीं दूध उतूं जात होतें आणि ती स्वयंपाकाच्या ओट्यास टेकून उभ्याउभ्याच पेंगत होती. तिला मधुमेह आहे. माझ्या दुखण्यानें दुसरें माणूस आजारी पडण्याची ती सुरुवात होती. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर सूनबाई शांतपणें म्हणाली, "बाबा, रात्रीं कोणी विचारायचें नाहीं. तुम्हांला गरज लागली तर हांक मारा, आम्ही येऊं. आणि सकाळींहि 'झोप लागली का?' हा प्रश्न बंद." कुटुंबास तें प्रथम निष्ठुर वाटलें. पण मला तें तत्काळ पटलें. त्या प्रश्नानें माझी प्रत्येक रात्र परीक्षा झाली होती, आणि चहाच्या वेळीं निकाल लागत असे. आतां नातू विचारतो, "आजोबा, आज कुठपर्यंत जायचें?"

दुखणें गेलेलें नाहीं. आठवड्यांतील तीन रात्री अजून वाईटच जातात, आणि थंडींत चौथीहि जाते. परंतु आमचें कुटुंब पांच महिने सलग झोपत आहे, आणि वाईट रात्रीहि घरांत कोणाचा दिवस बुडत नाहीं. ज्यांच्या घरीं असा न दिसणारा आजार असेल त्यांस माझें एवढेंच सांगणें आहे : रोग्याचें दुखणें खरें माना, त्याच्यासाठीं एक खुर्ची व एक मंद दिवा ठेवा, आणि आपण स्वतः खुशाल झोपा.