कापणार कोण आणि मागून बघणार कोण

आईचे गुडघे आमच्या दुकानानं खाल्ले. शिर्डीत हार-प्रसादाचं दुकान म्हणजे काकड आरतीच्या आधीपासून मांडी घालून फुलं ओवणं. एक्स-रेमध्ये सांध्यातली फट उरलीच नव्हती. गुडघा बदलायचा हा निर्णय बरोबरच होता. पुढचं मात्र मी एकेक करून बिघडवलं.

संस्थानच्या रुग्णालयात परराज्यांतून लोक येतात. लोणीचं प्रवरा रुग्णालयही फार लांब नाही. दोन्हीकडच्या हाडांच्या ओपीडीत मी साधं विचारायलाही गेलो नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! मी गेलो मंगल कार्यालयातल्या मोफत तपासणी शिबिरात. पडद्यावर रोबोट हाड कापत होता, आणि चहा पिता पिता मी तारीख घेऊन मोकळा झालो. सर्जन मोठ्या शहरातून दर गुरुवारी येणारे. मामा म्हणाले, "अरे, वाजपेयींच्या गुडघ्यांसाठी डॉक्टर राणावत अमेरिकेहून आले होते. आपले निदान महाराष्ट्रातलेच." खरं होतं. पण २००० आणि २००१ सालच्या त्या ऑपरेशनांनंतर पंतप्रधानांजवळ सगळं ब्रीच कँडी रुग्णालय उभं होतं, हे ना मामांना सुचलं ना मला.

मी प्रश्न विचारले ते असे: गुडघा इंपोर्टेड का, पॅकेज किती, खोली एसी का. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतींना लगाम घातला. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांची कमाल मर्यादा होती. हे मला पाठ होतं, आणि फाइलमधला स्टिकर मी दोनदा तपासला. वर्षाला किती गुडघे करता, पूर्ण ऑपरेशन तुम्हीच करता का, जखम बिघडली तर कोण येणार, हे मात्र तोंडातून निघालं नाही. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना असं कसं विचारायचं, हा संकोच. रोबोट काप अचूक घ्यायला मदत करतो; पण अस्थिबंधांचा ताण दोन्ही बाजूंनी सारखा आहे की नाही, हे माणसालाच ठरवावं लागतं. आईची तीन महिन्यांची साखर कुणी मागितली नाही, आणि तारीख पुढं जाईल म्हणून मीही जुने रिपोर्ट पिशवीतून काढले नाहीत. ही लबाडी माझीच.

घरी आल्यावर पट्टी ओली दिसू लागली. फोन सहायकानं उचलला, "गुरुवारी साहेबांना दाखवा." गुरुवार म्हणजे आमच्या धंद्याचा दिवस. मी तो गुरुवार चुकवला. पुढच्या खेपेला सांधा उघडून धुवावा लागला. दुखण्यामुळं व्यायाम राहिले आणि वाकण्याचे मोलाचे पहिले आठवडे गेले. खुर्चीतून नीट उठायला गुडघा नव्वद अंशांच्या आसपास तरी वाकायला हवा. आईचा त्याच्या बराच अलीकडं अडकला. आई मला काही बोलली नाही. शेजाऱ्यांना मात्र सांगते, "पोरानं एसी खोली घेतली होती."

दुसऱ्या गुडघ्यासाठी गेलो ते सर्जन जवळच राहतात. त्यांनी आधी साखर आणि दात तपासून आणायला सांगितलं आणि तोवर तारीख द्यायला साफ नकार दिला. पहिल्या गुडघ्याचं काय बिघडलं, तेही आईला खाली बसून समजावलं. फिजिओथेरपिस्टची ओळख ऑपरेशनच्या आधीच करून दिली, ऑपरेशन केलेल्या दोघांचे नंबर दिले. त्यातल्या एकाचा गुडघा फारसा समाधानकारक नव्हता, तरीही दिला. रोबोट त्यांच्याकडे नाही.

शिबिराला जरूर जा, चहा चांगला असतो. पण तारीख तिथं घेऊ नका, आणि रात्री पट्टी भिजली तर येणार कोण, हे नावानिशी विचारल्याशिवाय कुठंच घेऊ नका.