काटा मध्यावर

पायाचं प्लॅस्टर निघून पंधरा दिवस झाले. चूक माझीच होती. घाईत किक मारली आणि बुलेटने ती व्याजासकट परत केली. गाडी बाबांची, १९८९ सालची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. तिच्यापुढे नुसता जोर चालत नाही. किक हळू दाबत न्यायची, अडली की डीकॉम्प्रेसर ओढून जराशी पुढे सरकवायची. अँमीटरचा काटा मध्यावर आला की मग सणसणीत किक. पॉइंट उघडले की कॉइलचा करंट तुटतो, म्हणून काटा मध्यावर येतो, हे मला फार उशिरा कळलं. बाबा एवढंच म्हणायचे, "काटा बघ."

आज सकाळी गार इंजिनाचं टॅपेट कव्हर उघडलं. पिस्टन वर आणला, पुशरॉड दोन बोटांत धरला. तो सहज फिरायला हवा, पण वरखाली हलता कामा नये. जरा सैल, पुन्हा घट्ट. याला हत्यारापेक्षा बोटं लागतात. बाबांची बोटं शेवटी शेवटी थरथरायची. इथे मात्र स्थिर असत. कशी, ते विचारायचं राहिलं.

बायको दारातून माझ्या पायाकडे बघत होती. बोलली काहीच नाही.

काटा मध्यावर आणला आणि तसाच उभा राहिलो थोडा वेळ. कुठे जायचं हे ठरवलंच नव्हतं.

दुसऱ्या किकला सुरू झाली. फरशीवर तेलाचा नवा डाग पडलाय.