चार फुटांचा पाइप

स्पीडब्रेकरवरून गाडी उतरली की पुढच्या उजव्या चाकातून ‘कट्’ असा एकच आवाज यायचा. गजानन महाराज मंदिराच्या चौकातून पुंडलिकनगर रोडला वळलं की आमच्या गल्लीपर्यंत तो मी मोजत यायचे. महिनाभर नुसता मोजत राहिले, ते चुकलंच.

समोर राहणारे अण्णा वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता निवृत्त आहेत. रविवारी सकाळी त्यांनी चाक जॅकवर उचललं, टायरखाली लांब टॉमी घातली आणि वर उचकटली. चाक वर गेलं, लोअर आर्म जागचा हलला नाही. दोघांच्या मधली फट मला डोळ्यांनी दिसली. “मॅडम, बॉल जॉइंट गेलाय. आता ही गाडी घेऊन शाळेत जायचं नाही.”

शाळेत ज्याला आपण उखळीचा सांधा म्हणतो, तोच हा. पेल्यात बसलेली पोलादी गोळी, भोवती ग्रीस आणि वरून रबराचं बूट. चाक वळतं, खालीवर होतं, ते या गोळीच्या जोरावर. आमच्यासारख्या छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, वरचा आर्म नसतो. त्यामुळे चाकाचा खालचा भाग धरून ठेवायला हा एकच सांधा. तो निसटला तर चाक आडवं पडतं. जालना रोडवर तसं झालं असतं तर, हा विचार आजही नको वाटतो.

बूट फाटलं होतं. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये दुसऱ्या कामासाठी हा जॉइंट काट्यासारखी पाचर ठोकून सोडवला होता, त्यात ते चिरलं असावं. पुढे पावसाळा आला. चिरेतून पाणी आणि माती आत गेली की ग्रीस टिकत नाही.

नवा जॉइंट मी मोंढा नाक्याकडून आणला. आमच्या गाडीत तो आर्मला बोल्टांनी वेगळा बसवलेला असतो, त्यामुळे अख्खा आर्म बदलायची गरज नव्हती. मागच्या चाकांना दगड लावले, गाडी घोडीवर घेतली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अण्णा हातसुद्धा घालू देत नाहीत. चाक काढलं. नकलमधला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागातला, आडवा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही. तो गोळीच्या दांड्यावरच्या खाचेतून जातो, म्हणून पुरता बाहेर काढावा लागतो. गंजाने त्याला अर्धा तास लावला.

आता आर्म खाली दाबायचा, म्हणजे दांडा नकलमधून सुटेल. अण्णांनी घरातून चार फुटांचा जाड लोखंडी पाइप आणि साखळी आणली. पाइपचं एक टोक गाडीखालच्या आडव्या क्रॉस मेंबरखाली अडकवलं, तिथून सहा इंचांवर साखळीचा फास आर्मला घातला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मी बघतच राहिले. टेकू एका टोकाला, भार मधे, बल दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या प्रकारची तरफ. इतकी वर्षं मी ती अडकित्ता आणि लिंबू पिळणी दाखवून शिकवते. बलभुजा 48 इंच, भारभुजा 6 इंच, म्हणजे 8 पट. मी 20 किलोचा जोर लावला तर आर्मवर 160 किलोची ओढ.

आणि तरी तो सुटेना. पाइपवर सगळं वजन टाकलं, आर्म बोटभर खाली आला आणि हात ढिला होताच पुन्हा वर. माझा हिशोब बरोबर होता, म्हणून जास्त वाईट वाटलं.

अण्णा म्हणाले, “जोर कमी नाही पडत. पलीकडून कुणीतरी ओढतंय.” त्यांनी डावी बाजूही घोडीवर घेतली. दोन्ही बाजूंच्या आर्मना जोडणारा स्टॅबिलायझर बार असतो. डावं चाक जमिनीवर टेकलेलं आणि उजवं लटकलेलं असलं की तो पिळला जातो आणि उजव्या आर्मला वर ओढत राहतो. डावं चाक अधांतरी झालं आणि तो पीळ गेला. मी परत पाइप धरला. आर्म एका हाताने खाली आला, दांडा नकलमधून अलगद निघाला. हातोड्याचा एकही घाव नाही. पुस्तकातल्या आकृतीत भार एका बाणाने दाखवलेला असतो. तो कुठून कुठून येतो हे मी मुलांना कधी विचारलंच नव्हतं.

“आता पाइप एकदम सोडू नका,” अण्णा म्हणाले, “आणि तोंड त्याच्या रेषेत नको.” आर्म उसळला तर पाइप हनुवटीवर येतो. सुटलेली नकल त्यांनी तारेने बांधली, कारण ती फार बाहेर ओढली गेली तर ड्राइव्ह शाफ्ट आतल्या सांध्यातून निसटू शकतो.

नवा जॉइंट बसवताना तीच कसरत उलटी. मी पाइप धरून आर्म खाली ठेवला, अण्णांनी दांडा भोकासमोर आणला आणि मी हळूहळू जोर कमी करत गेले. खाच भोकासमोर येताच बोल्ट बोटांनीच आत गेला. शेवटचा आवळ त्यांनी टॉर्क पान्याने दिला, मग अलाइनमेंट करून घ्यायला सांगितलं.

जुन्या जॉइंटचं बूट मी ब्लेडने कापलं. आत ग्रीस नव्हतंच, तांबूस चिखल होता, आणि गोळी दोन बोटांनी गरगर फिरत होती. तो धुऊन शाळेच्या पिशवीत ठेवला आहे. पाइप आणि साखळी सोमवारसाठी अण्णांकडून मागून घेतली.