जहाज सुटण्यापूर्वीचा एक दिवस

समुद्रप्रवासाला निघालेल्या कुटुंबाच्या वाट्याला बहुधा एक मोकळा दिवस येतो. आगगाडी आणि जहाज यांची वेळापत्रके क्वचितच एकमेकांस जुळतात. शिवाय आगगाडी चुकली तर दुसरी मिळते, जहाज चुकले तर सारा बेतच कोसळतो. म्हणून शहाणा प्रवासी बंदराच्या गावी एक दिवस आधी जाऊन पोहोचतो. हा दिवस कसा घालवावा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु आमच्या घरी याच प्रश्नावरून दोन संध्याकाळी मोठी चर्चा झाली आणि अखेर त्या चर्चेतून आम्हांस आमच्या कुटुंबाविषयीच एक गोष्ट नव्याने कळली.

आम्ही भिलाईचे रहिवासी. घराणे मूळचे भंडारा जिल्ह्यातील तुमसरकडचे. १९५६ पर्यंत भंडारा आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे नोकरीनिमित्त इकडे आलेल्या मराठी माणसांना हा मुलूख कधी परका वाटला नाही. सोव्हिएत रशियाशी १९५५ साली झालेल्या करारानुसार येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी आमचे वडील, वयाच्या विसाव्या वर्षी, येथील रेल मिलमध्ये कामाला लागले. ३८ वर्षे त्यांनी लालबुंद पोलादाचे रूळ होताना पाहिले. ते रूळ देशाच्या कानाकोपऱ्यांत गेले. वडिलांनी मात्र समुद्र पाहिला नव्हता.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही अंदमानला जाण्याचे ठरविले. सेल्युलर जेल पाहावे ही आईवडिलांची फार दिवसांची इच्छा होती. विमानाने गेलो असतो तर काम लवकर झाले असते, पण वडील म्हणाले, “समुद्र पाहायचा तर त्याच्यावरून जावे, त्याच्या डोक्यावरून नव्हे.” तेव्हा विशाखापट्टणमहून सुटणाऱ्या जहाजाची तिकिटे काढली. रायपूरहून रात्रीच्या गाडीने निघावे, सकाळी विशाखापट्टणमला उतरावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जहाजावर चढावे, असा बेत ठरला. म्हणजे मधला एक दिवस मोकळा.

मुलांनी जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर पाहण्याच्या ठिकाणांची यादी केली. बोऱ्हाच्या गुहा, अराकूचे खोरे, कैलासगिरी, थोटलाकोंडा येथील बौद्ध अवशेष, भीमिली येथील डच लोकांची दफनभूमी, पाणबुडीचे संग्रहालय. त्यांत आईने सिंहाचलमच्या नरसिंहाची भर घातली. तेथील मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली झाकलेली असते आणि केवळ अक्षय्य तृतीयेस तिचे मूळ रूप दिसते, हे तिने कोठेतरी वाचले होते. एकूण सात ठिकाणे झाली. वडिलांनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली आणि विचारले, “यात बंदर कुठे आहे?”

खरोखरच, बंदराच्या गावी जाऊन बंदर पाहण्याचे कोणाच्याही मनात आले नव्हते. “बाबा, जहाजात बसताना दिसेलच की,” असे आमच्या धाकट्या मुलीने म्हणून पाहिले. त्यावर वडील म्हणाले, “तेव्हा आपण सामान मोजत असू, बंदर नव्हे.”

मग यादी नव्याने तपासावयास घेतली. अराकूचे खोरे शहरापासून सुमारे ११५ किलोमीटर आहे. वाटेतील बोगद्यांची रेल्वे मुलांना फार हवी होती. पण सकाळी निघून परत यावयास रात्र होते. जहाजाच्या आदल्या दिवशी गावापासून इतके दूर जाणे म्हणजे दैवावर भार टाकणे होय. सिंहाचलम तुलनेने जवळ आहे, तरी दर्शनाला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. आईनेच तोडगा काढला: “देव काही कुठे जात नाही, जहाज मात्र जाते. परतताना दर्शन घेऊ.” अशा रीतीने काही ठिकाणे परतीच्या प्रवासावर टाकली, काही सोडून दिली आणि एका दिवसासाठी तीनच गोष्टी उरल्या: बंदर, पाणबुडी आणि समुद्रकिनारा.

रायपूरहून विजयनगरमकडे जाणारा लोहमार्ग महासमुंद, टिटलागढ, रायगडा असा डोंगराळ मुलखातून जातो. (२०२४ पासून दुर्ग ते विशाखापट्टणम ‘वंदे भारत’ गाडी धावू लागल्यामुळे हा प्रदेश आता दिवसाउजेडीही पाहता येतो.) बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग १९३१ मध्ये पुरा केला. मध्यप्रांतास समुद्राचे दार नव्हते. येथील मँगनीजचे खनिज परदेशी धाडण्यासाठी जवळचे बंदर हवे होते. त्यासाठीच हा मार्ग झाला आणि त्यासाठीच विशाखापट्टणमचे बंदर बांधले गेले. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी सिंदिया कंपनीची ‘जलदुर्गा’ ही बोट प्रथम त्यात शिरली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९१९ मध्ये काढलेली हीच ती कंपनी.

सकाळी उतरल्यावर प्रथम तासभर विश्रांती घेतली. रात्रीच्या प्रवासानंतर म्हाताऱ्या माणसांना लगेच हिंडवू नये, ही गोष्ट साधी असली तरी उत्साहाच्या भरात विसरली जाते. नंतर जुन्या गावाकडील तीन टेकड्यांकडे गेलो. एकीवर व्यंकटेश्वराचे मंदिर, दुसरीवर दर्गा आणि तिसरीवर, रॉस हिलवर, मेरीमातेचे चर्च. तिन्ही धर्मांची स्थाने शेजारी शेजारी उभी राहून एकाच खाडीकडे पाहत आहेत. वडील पायऱ्या थांबत थांबत चढले. वर पोहोचताच सारे बंदर खाली नकाशासारखे पसरलेले दिसले.

समोर डॉल्फिन्स नोज नावाचा डोंगर समुद्रात नाक खुपसून उभा आहे. त्याच्या आडोशाने एक अरुंद जलमार्ग आत वळतो आणि जहाजे शहराच्या पोटात येऊन थांबतात. आत एका बाजूस जहाजबांधणीचा कारखाना आहे. वालचंदांच्या या कारखान्याचा पाया २१ जून १९४१ रोजी राजेंद्रबाबूंच्याच हस्ते घातला गेला आणि तेथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी पाण्यात सोडले. हे ऐकून मुले म्हणाली, “म्हणजे भिलाईची भट्टी आणि हा कारखाना, दोन्हींचा नारळ एकाच हाताने फुटला!”

धक्क्यालगत कोळशाचे काळे ढीग आणि मालगाड्यांच्या रांगा दिसत होत्या. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण अधिक असते. म्हणून झोतभट्टीसाठी त्यात परदेशी कोकिंग कोळसा मिसळावा लागतो. भिलाईस लागणारा असा कोळसा या बंदरात उतरून आम्ही आलो त्याच वाटेने जातो. हे आम्ही मुलांना समजावून देत होतो. वडिलांचे मात्र आमच्या बोलण्याकडे लक्ष नव्हते.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “माझे वडील डोंगरीच्या खाणीवर मँगनीजच्या वॅगनी भरत. मी लहान असताना विचारी, हा दगड कुठे जातो? ते म्हणत, वाल्टेरला. वाल्टेर म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक नव्हते. एवढे म्हणत की तिथे जमीन संपते.” या गावच्या स्टेशनाचे जुने नाव वाल्टेर. थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “रुळाच्या पोलादातही मँगनीज घालावे लागते. ते भरत होते, मी पोलाद लाटून रूळ करीत होतो. पण हे ठिकाण दोघांनीही पाहिले नव्हते.”

आजोबांना जाऊन तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. आमच्या मुलांना त्यांचे नाव माहीत होते, त्यांचे काम माहीत नव्हते. आम्हांलाही ते पुरते माहीत नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे.

दुपारचे जेवण आणि झोप झाल्यावर किनाऱ्यावरील ‘कुरसुरा’ पाणबुडी पाहिली. रशियात बांधलेली ही पाणबुडी १९६९ ते २००१ अशी नौदलाच्या सेवेत होती. २००२ पासून ती वाळूवर संग्रहालय म्हणून उभी आहे. आत नौदलातील निवृत्त मंडळी माहिती सांगतात. वडिलांनी त्यांतील एका गृहस्थास आपल्या रेल मिलमधील रशियन तंत्रज्ञांविषयी सांगितले आणि ‘खराशो’ हा एकमेव उरलेला रशियन शब्द म्हणून दाखविला. ‘खराशो’ म्हणजे ‘छान’. मग एकाने लोखंडाच्या आणि दुसऱ्याने पाण्याच्या गोष्टी सांगत अर्धा तास घालविला.

सूर्य कलताना रामकृष्ण बीचवर बसलो होतो. जवळच १९७१ च्या नौदल-विजयाचे स्मारक आहे; त्या युद्धात ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी याच किनाऱ्यापुढे बुडाली. इतक्यात भ्रमणध्वनीवर निरोप आला. जहाजाची वेळ अलीकडे आली होती. दुपारऐवजी सकाळी सहा वाजता धक्क्यावर हजर व्हावयाचे होते. आम्ही निवासापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होतो. वडिलांची औषधे घेतली, ओळखपत्रांच्या मूळ प्रती वरच्या पिशवीत काढल्या, बोट लागू नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या जवळ ठेवल्या आणि नऊ वाजता सारे झोपलो. आम्ही अराकूला असतो तर काय झाले असते, याचा उच्चार कोणी केला नाही. मुलांनी मात्र यादीचा कागद जपून ठेवला.

या मार्गावरील जहाजांच्या फेऱ्या मोजक्या असतात. तेव्हा जाणाऱ्यांनी तारीख आणि वेळ पुनःपुन्हा विचारून घ्यावी. संग्रहालयाचा साप्ताहिक सुटीचा वारही आधी पाहावा. २०२३ मध्ये येथे पर्यटक-जहाजांसाठी स्वतंत्र टर्मिनल झाले असून विहारासाठी येणाऱ्यांची सोय वाढली आहे. परंतु दिवसाची आखणी करताना घरातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाची चाल हेच माप धरावे आणि त्याला काय पाहावयाचे आहे, ते सर्वांआधी विचारावे.

दुसऱ्या दिवशी जहाज त्या अरुंद वाटेने बाहेर निघाले तेव्हा तिन्ही टेकड्या डावीकडे दिसत होत्या. वडील कठड्याला धरून उभे होते. डॉल्फिन्स नोज मागे पडला, पुढे नुसते पाणी उरले. धाकटीने विचारले, “आजोबा, जमीन संपली?”

“नाही ग,” ते म्हणाले, “इथून पुढे जाते.”