माझ्या जीमेलमध्ये अडकलेलं सरकारी दप्तर

रिटायर होऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका मुलाचा फोन आला. "काका, तुम्ही निराधार शाखेला होतात ना? आईचं प्रकरण तुमच्याकडेच होतं."

प्रकरण असं. संजय गांधी निराधार योजनेत त्याच्या आईचा अर्ज होता. त्रुटी निघाली, कागद मागवले. यांनी सेतू केंद्रातून मुदतीत ई-मेलने पाठवले. तरी "त्रुटीपूर्तता केली नाही" म्हणून अर्ज नामंजूर. महिन्याचे 1500 रुपये, तुम्हा-आम्हाला किरकोळ वाटतील. पोरानं माहिती अधिकारात तो मेल मागितला. ऑफिसनं उत्तर दिलं, असा मेल अभिलेखात आढळत नाही. सेतू केंद्र केव्हाच बंद पडलंय, त्यामुळे पाठवल्याचा पुरावाही गेला.

ऑफिसनं खोटं सांगितलं नाही. अभिलेखात तो नाहीच. तो माझ्या मोबाईलमध्ये आहे!

कारण सगळं कामकाज माझ्या खाजगी जीमेलवर चालायचं. ऑफिसचा आयडी होता, पण त्याचा पासवर्ड कुणाला ठाऊक नव्हता, आणि वर "अर्जंट, लगेच मेल करा". केंद्राच्या 2014 च्या ई-मेल धोरणात सरकारी कामाला खाजगी मेल वापरू नका असं स्पष्ट आहे. आम्हीही ते ऐकून होतो. ऐकलं आणि सोडून दिलं.

शोधलं तर मिनिटात सापडला. तारीख मुदतीच्या चार दिवस आधीची. मी तेव्हा तो उघडला होता, पण प्रिंट काढून फाईलला लावायचा राहिला. चूक माझी, आणि भोगलं त्या बाईनं. हे लिहायला लाज वाटते.

आता पुढची गंमत ऐका. कागदाच्या फाईलला आपल्याकडे शिस्त आहे. अ म्हणजे कायम, ब तीस वर्षं, क दहा, क-1 पाच, ड एक वर्ष. गठ्ठा बांधायचा, अभिलेख कक्षात द्यायचा, बदली झाली की चार्जच्या यादीत लिहायचं. माझी चार्ज यादी सात पानांची होती. कपाटाच्या किल्ल्यासुद्धा लिहिल्या होत्या, मेलची ओळ कुठेच नव्हती. माहिती अधिकार कायद्यात "माहिती"च्या व्याख्येतच ई-मेल हा शब्द आहे, 2005 पासून. पण व्याख्येत असून काय उपयोग, माणूस मोबाईल घेऊन घरी गेला की मेलही त्याच्यासोबत घरी.

त्या एका मेलसाठी शोधताना बाकीचेही दिसले. साडेसहाशेच्या वर. आधार, पासबुक, नवऱ्याचे मृत्यू दाखले, अपंगत्वाची प्रमाणपत्रं, एका बाईचा एचआयव्हीचा रिपोर्ट. हा फोन नातू गेम खेळायला घेतो हो! दुरुस्तीला दुकानात दोनदा टाकलाय.

डिलीट करू? महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे, सरकारी अभिलेख मनाला येईल तसा नष्ट करता येत नाही. आणि उद्या अजून एखाद्या बाईचा पुरावा त्यातच असला तर? ठेवू? काय अधिकारानं? काम संपलं की लोकांची खाजगी माहिती बाळगायची नाही, अपवाद फक्त कायद्यानं ठेवायला सांगितलेली, हेच तर 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्व. ठेवायची तर ऑफिसनं ठेवायची, मी कोण?

पेन ड्राईव्ह घेऊन ऑफिसला गेलो. नवीन कारकून म्हणाला, "साहेब, हे कशात घेऊ? आवकला पेन ड्राईव्हचा रकाना नाही." बिचाऱ्याचंही खरंय. त्याच्याही टेबलावर स्वतःचं जीमेलच उघडं होतं.

शेवटी त्या बाईचा मेल पूर्ण हेडरसकट प्रिंट केला, सोबत माझं लेखी निवेदन जोडलं, की हा मेल मला अमुक तारखेला मिळाला आणि फाईलला लावायचा माझ्याकडून राहिला. एक प्रत मुलाला अपिलासाठी दिली. उरलेल्यांचं काय करायचं ते लेखी कळवा, असं वेगळं पत्र दिलं. दोन्हींवर आवक क्रमांक घेतलाय.

एकोणीस दिवस झाले, उत्तर नाही. फोनला लॉक टाकलंय, नातू रुसलाय.

नोकरीत असलेल्यांपैकी कुणी बदलीच्या वेळी मेलचा चार्ज रीतसर दिला असेल तर कसा दिला, खाली लिहा. मला खरंच हवंय.