एकवीस सुरू, एकवीस खलास

माझ्या आयटीआयच्या प्रमाणपत्रावर 'ड्राफ्ट्समन, सिव्हिल' असं छापलेलं आहे. मुलगी पास झाली तरी मॅनच. 1999 साली ते घेऊन मी कऱ्हाडला एका सर्व्हेअरच्या ऑफिसात लागले, ती अजून तिथंच आहे. तेव्हा तिथं नकाशे काढायला ऑटोकॅडचं रिलीज 14 होतं. कॉम्प्युटरच्या मागं, प्रिंटरच्या खाचेत एक डोंगल लावलेला असायचा. तो हलला की प्रोग्रॅम चालेना, म्हणून ते टेबल कुणी झाडायचं नाही असा साहेबांचा हुकूम होता. पुढं 2004 ची आवृत्ती आली आणि तिच्यावर आम्ही चौदा वर्षं काढली.

टोटल स्टेशनमधून, म्हणजे मोजणीच्या मशीनमधून, उतरलेली फाइल म्हणजे नुसते रकाने: पॉइंटचा नंबर, नॉर्दिंग, ईस्टिंग, लेव्हल, वर्णन. ते एक्सेलमध्ये घ्यायचे, ईस्टिंग आधी आणि नॉर्दिंग नंतर असं स्वल्पविराम घालून जोडायचे (उलटं झालं की शेत आरशात बघितल्यासारखं दिसतं, एकदा मी तसं प्लॉट करून प्रिंटही काढली होती) आणि सगळा गठ्ठा कमांड लाइनवर चिकटवायचा. पडद्यावर ठिपक्यांचा सडा पडायचा. मग साहेबांचं फील्डबुकातलं पेन्सिलीचं स्केच शेजारी ठेवून ठिपके जोडत बसायचं. कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, त्याही हातानंच. एका ठिपक्याची लेव्हल 98.40, शेजारच्याची 99.10, तर मधून 98.50 ची रेघ कुठून जाईल आणि 99 ची कुठून, असं प्रत्येक जोडीला. नऊ एकरांच्या उतरत्या रानाला चार दिवस लागायचे. पण चौथ्या दिवशी ते रान मला पाठ झालेलं असायचं, पाय न ठेवता.

2018 साली साहेबांनी सिव्हिल थ्रीडी हे नवं सॉफ्टवेअर घेतलं. हौस म्हणून नव्हे. रस्त्याच्या कामांचे ठेकेदार मातीकामाचा हिशेब करायला सर्फेसची, म्हणजे जमिनीच्या चढउताराच्या मॉडेलची, फाइल मागू लागले होते, आणि त्यांची ड्रॉइंग जुन्या फॉरमॅटमध्ये मागवून घेतली तरी आमच्याकडं कंटूरच्या जागी रिकाम्या चौकटी दिसायच्या. एकदा विकत घेऊन कायम वापरायचं लायसन्स 2016 पासून मिळत नव्हतं, त्यामुळं दरवर्षी भाडं. 'म्हणजे म्हैस विकत नाही, नुसतं दूध,' साहेब म्हणाले.

पहिल्याच दिवशी मी ठिपक्यांची फाइल आत घेतली, सर्फेस करायला सांगितलं, आणि कंटूर आले. चहा निवायच्या आत. मी बराच वेळ काही बोलले नाही.

तिसऱ्या कामात घोटाळा झाला. जमीन एल आकाराची, मधून ओघळ. अर्ध्या मीटरचे कंटूर काढले, लेबलं लावली, रंग छान दिले आणि पाठवून दिलं. दोन दिवसांनी समोरच्या इंजिनीअरचा फोन: 'मॅडम, ओघळ बुजवली का हो? आणि शेजाऱ्याच्या उसातले कंटूर कुणी मागितले होते?'

चूक माझीच होती. हे सॉफ्टवेअर जवळजवळचे ठिपके घेऊन त्यांचे त्रिकोण जुळवतं आणि त्या त्रिकोणांवरून कंटूर काढतं. ओघळीच्या दोन्ही कडांवर ठिपके भरपूर होते, तळाला तीन-चारच. म्हणून त्यानं या कडेवरून त्या कडेवर त्रिकोण टाकले, आणि ओघळीवर जागोजाग जमीन अंथरली. एलच्या खोबणीतही लांबलचक त्रिकोण पसरले, तेच शेजाऱ्याच्या उसात गेले. जुन्या पद्धतीत हे व्हायचंच नाही, कारण स्केचमध्ये ओघळ दिसायची आणि माझा हात तिथं आपोआप वळायचा. त्या दिवशी स्केच मी उघडलंसुद्धा नव्हतं. हद्दीची बाउंड्री घातली, उसातले त्रिकोण गेले. पण तळाची ब्रेकलाइन, म्हणजे त्रिकोणांनी ओलांडू नये अशी रेघ, कशावरून काढणार? ठिपकेच नाहीत.

म्हणून एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी साइटवर गेले.

आमच्याकडं मोजणीच्या प्रिझमची काठी धरतात ते मामा. सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी जरा रागातच विचारलं, तळाला पॉइंट का घेतले नाहीत? ते म्हणाले, 'ताई, पानी कुठनं जातंय ते मला ठावं हाय. पर तुमी कुनी कवा इचारलं न्हाई.' खरं होतं. साहेब स्केच काढायचे, मी रेघा मारायचे. मामा सांगतील तिथं काठी घेऊन उभे.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपक्याचं वर्णन ठरलेल्या कोडमध्ये असलं की रेघ आपोआप जोडली जाते. रेघ कुठं सुरू, कुठं संपली, हेही रानातच टाकायचं. म्हणजे माझं काम मामांच्या काठीवर गेलं. इंग्रजी अक्षरं मामांना नकोत, म्हणून आकडे ठरवले: अकरा बांध, एकवीस ओघळीचा तळ, बावीस डावी कड, तेवीस उजवी, एक्केचाळीस विहीर. मामा वॉकीटॉकीवर ओरडतात, 'एकवीस सुरू!' मशीनवरचा पोरगा कोड टाकतो. शेवटी, 'एकवीस खलास!'

पहिल्या दिवशी ओघळीवर गोधडीचे टाके पडले. मामा काठ ओलांडत जाऊन माघारी आले, तेव्हा त्यांची डावी-उजवी बदलली. तोडगा त्यांनीच काढला: 'डावी-उजवी नगं. एक डोंगराकडची म्हना, एक रस्त्याकडची.' तेव्हापासून तसंच.

बाकीच्या अडचणी किरकोळ. जुन्या ड्रॉइंगमधली मालकांची नावं जुन्या मराठी फॉन्टात होती, नव्या कॉम्प्युटरवर त्यांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसल्या. लागेल तेवढी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. चौरस मीटरला 101.17 नं भागून गुंठे सांगणारी साहेबांची जुनी लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) मात्र जशीच्या तशी चालते.

आता मी महिन्यातून दोनदा तरी साइटवर जाते, आणि सर्फेस केल्यावर आधी स्केच उघडते. गेल्या दिवाळीपासून मामांची हजेरी शंभर रुपयांनी वाढली, त्यांनीच मागून घेतली. माझा पगार आहे तेवढाच आहे.