आतली धूळ

दिवाळीच्या साफसफाईत आपला सारा जीव बाहेरच्या अंगावर असतो. भिंतींना रंग, दारांना तेलपाणी, पितळेच्या डब्यांना चिंच आणि राख. एवढे झाले की घर लख्ख झाले असे आपण समजतो. वर्षभर आपल्यासाठी राबणाऱ्या यंत्रांच्या पोटात काय साचले आहे, हे मात्र कोणी बघत नाही. माझ्या वडिलांची तऱ्हा निराळी होती. यंत्राचे पोट पाहिल्यावाचून त्यांना चैन पडत नसे.

आमचे घर बोरी अरबचे. दारव्हा तालुक्यातले, कापूस-तुरीच्या मुलखातले हे गाव. माझ्या लहानपणी आमच्या स्वयंपाकघरातले एकमेव यंत्र म्हणजे पितळी स्टोव्ह. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बाबा अंगणात जुने धोतर पसरीत आणि स्टोव्हचा एकेक भाग सुटा करून त्यावर ओळीने मांडीत. पंपाच्या दांडीला चामड्याचा वायसर असे. तो वाळून आक्रसला की हवा भरत नाही, म्हणून त्याला खोबरेल तेल चोळून मऊ करायचे. बर्नरचे भोक पिनेने मोकळे करणे हे काम माझे. पिन आत मोडली तर दिवाळीच्या तोंडावर बोलणी खावी लागत, आणि ती दर दोन वर्षांनी मोडेच. १८९२ साली स्टॉकहोममध्ये लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थाने हा स्टोव्ह काढला, हे मला पुष्कळ पुढे कळले. वात नाही, रॉकेल तापून त्याची वाफ होते, ती बारीक भोकातून निघते आणि निळी जळते. सारी करामत त्या भोकाची. ते बुजले की तोच गरीब स्टोव्ह भडकतो. बाबांना लिंडक्विस्ट ठाऊक नव्हता, भोक ठाऊक होते.

मिक्सर आला १९८६ साली. त्या काळी कापूस सरकारच्या एकाधिकार योजनेत घालावा लागे आणि पैसे हप्त्याहप्त्याने हाती येत. अशाच एका हप्त्यातून बाबांनी यवतमाळहून मिक्सर आणला. पत्र्याच्या अंगाचा, वजनाला भक्कम, आवाजाला त्याहून भक्कम. आपल्याकडच्या मिक्सरची गोष्ट मोठी गमतीची आहे. मुंबईच्या माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर बिघडला, तेव्हा त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर यांनी भिजवलेल्या डाळीला आणि ओल्या खोबऱ्याला पुरून उरेल अशी मोटार तयार केली. त्यातून १९६३ साली ‘सुमीत’चा कारखाना निघाला. आमचा मिक्सर त्यांचा नव्हे, दुसऱ्याच कोणाचा. पण काम तेच, जवसाची चटणी आणि वड्याची डाळ. जिथे इतके ओले वाटायचे तिथे थेंब-थेंब पाणी मोटारीकडे झिरपणार, हे आलेच.

बाबा २०११ साली गेले. त्यानंतर दर दिवाळीला मी नागपूरहून येई, फटाके-मिठाई आणी, आईचा रक्तदाब विचारी आणि परत जाई. मिक्सर मी कधी उघडला नाही. तो चालत होता ना!

२०२४ च्या दिवाळीआधी मी निवृत्त होऊन आठवडाभर आधीच गावी आलो. रिकामा माणूस घरात काय करणार? मी बाबांची हत्यारांची पेटी काढली आणि मिक्सर उलटा करून तळाचे स्क्रू सोडवले. पत्रा निघाला आणि मी थबकलोच. आत काळी भुकटी साचली होती. त्यात जवसाची चकचकीत टरफले, हळदीचा पिवळा थर आणि झुरळाचे दोन पंख. मोटारीला वीज पोचवणारे कोळशाचे दोन तुकडे झिजून वाटाण्याएवढे उरले होते. त्यांचीच ती भुकटी. कोळशाची भुकटी वीज वाहून नेते, आणि खारट ओल मिळाली की मग विचारूच नका. वायरवरचे रबर बोट लावताच जुन्या बिस्किटासारखे गळून पडले. तिसरी वायर, जी जमिनीकडे जायची, ती कापून आत दुमडलेली होती, कारण आमच्या भिंतीतल्या बोर्डाला भोके दोनच.

पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखा लिहिल्या होत्या. बाबांचे अक्षर. पहिली १९८७ ची दिवाळी, शेवटची २०१० ची. खाली बराच पत्रा कोरा होता.

तेवढ्यात मला पाटाची आठवण झाली. मिक्सर लावताना आई गेली काही वर्षे लाकडी पाटावर उभी राहत असे. तिची उंची बेताची, म्हणून ओटा पुरत नसेल असे मी समजत होतो. बायकोला वाटे, काहीतरी सोवळे असेल. आई चिवडा परतत होती. मी विचारले, “आई, याले हात लावला का झिणझिण्या येतात का?”

“थोड्या येतात बाप्पा,” ती कढईतून नजर न काढता म्हणाली. “पाटावर उभं राह्यलं का नाही येत.”

“कधीपासून?”

“झाल्या असतीन तीन-चार दिवाळ्या.”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

“सांगतलं असतं तं तुमी त्याले भंगारात देल्लं असतं.”

यावर मला बोलता येईना. कोरडे लाकूड विजेला वाट देत नाही, हे तिने कोणत्याही पुस्तकावाचून शोधून काढले होते. पण पाट ओला झाला की हे शास्त्र चालत नाही, आणि स्वयंपाकघरात पाट ओला व्हायला वेळ किती लागतो? त्या चारही दिवाळ्यांत मी तिच्या हातची चटणी मिटक्या मारीत खाल्ली होती. आधी तिचा राग आला. मग तो कोणावर धरावा ते कळेनासे झाले.

तिचे म्हणणे मात्र बरोबर होते. मी तो भंगारातच दिला असता. आता देववेना. यवतमाळला शेतावरच्या पंपांच्या मोटारी भरून देणारा एक कारागीर आहे. त्याने आतली तार नवी भरली, कोळसे आणि वायर बदलली. “एवढ्या पैशात नवा येतो, काका,” असे तो दोनदा म्हणाला. ते खरेच होते. घरात तीन भोकांचा बोर्ड आला, आणि गळती ३० मिलिअँपिअरवर गेली की वीज तोडणारी पेटीही आली. परसात खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, भोवती मीठ आणि कोळसा भरला. वायरमनने बजावले, उन्हाळ्यात यात पाणी घालत जा. जमीन कोरडी पडली की ती वीज घेत नाही.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मी पत्र्यावर नवी तारीख लिहिली आणि स्क्रू आवळले. सकाळी आईने चटणी लावली ती पाटावर उभी राहूनच. मी पाट ओढू लागलो, तर म्हणाली, “राहू दे. आता सवय झाली.”

हल्ली तुळशीला पाणी घातल्यावर एक तांब्या त्या खड्ड्यालाही जातो, भर पावसाळ्यातसुद्धा. उन्हाळ्यातच घालायचे असते, हे मी तिला दोनदा सांगून पाहिले.